आमच्याकडे नीट दिसते

दौलतच्या उजव्या हाताची बोटं तुम्ही ठेचलीत, साहेब. भीमपूरच्या बाजारात वजन उचललं ते चंपतराव भाजीवाल्यानं, हे सगळ्यांनी पाहिलं. पण त्याला माणूस दाखवून दिला तो तुम्ही. उगाच मान हलवू नका.

"अबे, हाच तो! दोंगा!"

कोणीतरी ओरडलं तेव्हा दौलत मिरच्या निवडत होता. तेलुगूत चोराला दोंगा म्हणतात. सीमेवरच्या मराठी माणसाला बाकीचं तेलुगू वाचता येवो न येवो, हा शब्द बरोबर वाचता येतो. दौलतनंही मान वळवून चोर कुठं आहे ते पाहिलं. तेवढ्यात त्याच्या कानशिलावर चप्पल बसली.

"थोबाड पाह्य याचं! मोबाईलमंधी हाय, तेच!"

"काऊन मारून राह्यले भाऊ? मी दौलत! मोटर भरनारा दौलत!"

"मोटरवालाच पायजे आमाले! पिशवी खाली कर बे त्याची!"

पिशवीतून तांब्याची तार निघाली. जळालेल्या पाण्याच्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्याच्या पिशवीतून काय गजरे निघणार होते? पण शिवारातल्या मोटरी चोरीला जात होत्या, चोर त्या फोडून तांबं विकत होते. तार दिसली आणि माणसं पिसाळली. लाथा, काठ्या, टमाट्याच्या पेटीची खिळ्यासकट उचकटलेली फळी. खिळा पाठीत घुसला तेव्हा दौलत ओरडला, आणि ओरडतो म्हणून त्याच्या तोंडावर लाथ बसली. दात मिरच्यांत पडले. मारणाऱ्यांत त्याच्याकडून मोटर भरून नेलेलेही होते. कोणी थांबलं नाही.

चंपतरावाची मोटर त्याच आठवड्यात गेली होती. त्यानं तराजूतलं लोखंडी वजन उचललं, दौलतचा हात दगडावर दाबून धरवला.

"याच हातानं खोलली ना रे माही मोटर?"

बोटं मोडल्याचा आवाज दौलतनं स्वतः ऐकला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा. मग दुसऱ्यांदा ऐकला.

त्याची बायको प्रयागबाई गर्दी फाडत आत शिरली तेव्हा तो चिखलात उताणा पडला होता. तिनं मारणाऱ्यांच्या हाताला चावे घेतले, अंगावर आडवी पडली, तेव्हा कुठं काठ्या थांबल्या. जाता जाता तिनं रक्तानं माखलेलं ते वजन उचलून ओच्यात घातलं.

आता तुमच्या तेलुगू बातम्यांच्या वेबसाईटचं सांगतो. वरची बातमी दौलतच्या सत्काराची. विहिरीत पडलेली पोरगी त्यानं दोराला लटकून वर काढली होती, तुम्हीच त्याला शाल दिली, फोटो काढला. तिच्या खालची बातमी मोटरचोरांपासून सावध राहण्याची, मोठ्या लाल अक्षरांत 'दोंगा'. तुमच्या कॉम्प्युटरवर फोटो वरच्या बातमीला चिकटलेला. बाजारातल्या जुन्या मोबाईलवर तोच फोटो खाली घसरून लाल दोंगाच्या शेजारी उभा.

हाताला प्लास्टर घालून दौलत तुमच्या दफ्तरात आला, सोबत प्रयागबाई. तुम्ही केबिनमध्ये होतात, दार लावून. बाहेर बसणाऱ्या बाबूनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"हे पाहा बाई. फोटो सत्काराजवळ. आमच्याकडे नीट दिसते."

प्रयागबाईनं मोबाईल त्याच्या नाकाशी धरला. "आन् हे काय हाय?"

बाबूनं वेबसाईट बनवणाऱ्या रविकांतला बोलावलं. पोरगा समजावू लागला.

"मावशी, फोटोले सांगाव लागते, तू डाव्या अंगाला तरंग, बातमी तुह्या बाजूनं वाहीन. फ्लोट म्हनते त्याले. पन फोटो लांब आन् बातमी दोन ओळीची. मंग फोटो लोंबकळते, खालच्या बातमीत घुसते. तो घुसू नये म्हनून मी बातमीच्या चौकटीले नवा नियम लावला. नवे ब्राउझर पाळते. जुन्या मोबाईलमधल्या ब्राउझरले तो नियमच समजत नाही."

"मंग समजत नाही म्हनून बोंबलत काऊन नाही तो?"

"नाही बोंबलत. जे समजलं नाही ते मुकाट्यानं सोडून देते."

"म्हंजे तुमच्या सायबासारखा."

बाबू हसला, मग केबिनकडे पाहून कागद आवरू लागला.

दौलत फुटक्या ओठांनी बोलला, "मले काही नोको. तेवढं लिहा का हा चोर नाही. तेलुगूत लिहा, मराठीत लिहा. लोक मोटरी आनत नाही माह्यापाशी. पोट्टे गोटे मारते."

"दुरुस्ती छापायला आधी चूक लागते," बाबू म्हणाला. "साहेबांनी स्वतः पाहिलं, चूक नाही. तुम्ही असं करा, मोबाईल बदला."

मोबाईल बदला! साऱ्या बाजाराचे?

प्रयागबाईनं ओच्यातून वजन काढलं आणि पडद्यावर उगारलं. "मंग तुमालेबी आमच्यासारखंच दिसू द्या आता!"

बाबू टेबलाखाली शिरला. रविकांत भिंतीला टेकला. वजन खाली येणार तोच दौलतनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"नोको प्रयागे."

"काऊन नोको? तुमचा हात ठेचला, याईची काच नोको फुटाले?"

"माहा फोटो हाय त्यात." पडद्यावर तो शाल पांघरून उभा होता, ओशाळं हसत, दोन्ही हात जोडून. जोडलेली दहाही बोटं सरळ. "साऱ्या मुलखात तेवढ्याच एका जागी मी चोर नाही."

तिनं वजन टेबलावर ठेवलं. जोरात नाही. मग दोघं निघून गेले.

ते वजन अजून तिथंच आहे म्हणतात. पंख्यानं कागद उडतात, बाबू त्यांच्यावर ठेवतो.

साहेब, तुमच्या त्या एका पडद्याबाहेर दौलत कोण आहे? तेलुगूत सांगा नाहीतर मराठीत सांगा. पण सांगा, आणि जुन्या मोबाईलवर नीट दिसेल असं सांगा.