हात मांडीवर

त्या दिवशी सकाळी गाडी लेकच चालवत होती. बाबा शेजारी बसले होते, नेहमीसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून. विमान चालवायला शिकवतानाही ते असेच बसत. शिकणाऱ्याला आधीच बजावत, "भीती वाटली की नुसतं ‘घ्या’ म्हणायचं. मी लगेच ताबा घेतो. त्यात लाजायचं काही नाही." लेकीला सायकल शिकवली, मग गाडी, तीही याच बोलीवर.

मोकळ्या रस्त्यावर वारा गाडीला कडेला ढकलत होता.

"काय गं, गाडी तू चालवतेस की वारा?"

"गप्प बसा हो बाबा. तुमच्या विद्यार्थ्यांना छळा."

"घाबरलीस?"

"छे!"

स्टिअरिंगवर तिचे तळवे घामाने निसटत होते. बाबांना ते दिसलं नाही; ते समोर बघत मिशीत हसत होते.

विमानतळाच्या फाटकाशी त्यांची विद्यार्थिनी वाट बघत उभी होती. दातांची डॉक्टर. बाबा तिला डॉक्टरीणबाई म्हणत.

"सर, वारा फार आहे. आज राहू द्यायचं का?"

"लोकांच्या अक्कलदाढा उपटता आणि वाऱ्याला भिता? ही बघा आमची लेक. जन्मात एकदाही ‘घ्या’ म्हणाली नाही!"

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. लेक हसली, गाडी वळवून कामावर निघून गेली. आरशात बाबा पाठमोरे दिसले, एका हाताने टोपी धरून चालणारे.

बाबांचं तेरावं झाल्यावर, पंधरवड्याने डॉक्टरीणबाई घरी आल्या. हात गळ्यात बांधलेला. आईला त्यांच्याकडे बघवेना. पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती आलीच नाही.

"उतरताना वारा मध्येच पडला," त्या म्हणाल्या, "आणि जमीन अगदी जवळ आली असताना झपकन् आला. एक पंख वर उचलला गेला. सरांचे हात मांडीवरच. माझ्याकडे बघत होते. म्हणजे... वाट बघत होते. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं ‘घ्या’."

"मग?"

"तुम्ही आठवलात."

बाहेर कुणाच्या तरी दारावरची घंटा वाजली, थांबली.

"शेवटी त्यांनी घेतलं, न विचारता. पण तोवर दुसरा पंख जमिनीला लागला होता."

"तुमची काही चूक नाही," लेक म्हणाली. असं म्हणायचं असतं. खरी गोष्ट जिभेवर होती, पण तीही गिळली. गिळायची सवयच होती. डॉक्टरीणबाईंना तिने जिन्यापर्यंत सोडलं आणि किल्ली घेऊन खाली आली.

गाडीतली शेजारची सीट अजून मागे सरकवलेली होती, त्यांच्या लांब पायांसाठी. तिने दार लावून घेतलं. इंजिन बंद, वारा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्या रिकाम्या सीटकडे न बघता ती म्हणाली,

"बाबा, मला भीती वाटते. दर वेळी वाटायची. घ्या ना. बाबा, घ्या."