पांढऱ्या पाटीचा भाऊ

पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि अंबुबाई आपला भाऊ पाठ करत होती. भाऊ म्हणजे गाडी चालवणारा कल्लप्पा. तासाभरापूर्वीपर्यंत तिनं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"पुना म्हना," कल्लप्पा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला.

"तू माजा भाऊ. धाकला. दुधनीचा."

"आन गाडी?"

"घरची."

"आन भाडं?"

अंबुबाई पुढचं विसरली. मागच्या सीटवर सर्टिफिकिटांची फाईल मांडीवर धरून बसलेली प्रियंका हळूच म्हणाली, "भाडं नाही. डिझेलसुद्धा त्यानंच घातलंय. आई, एवढंच सांगायचं की."

एवढंच. पोरीला काय, तिनं नर्सिंगच्या तोंडी परीक्षा दिलेल्या. अंबुबाईनं उभ्या आयुष्यात खाकी कपड्यातल्या माणसाला नमस्कारापलीकडे काही दिलं नव्हतं, आणि आज खोटं द्यायचं होतं.

झालं होतं असं की, हैदराबादच्या एका दवाखान्यातून प्रियंकाला आदल्या संध्याकाळी सात वाजता फोन आला. उद्या दुपारी बाराला मूळ कागदपत्रं घेऊन या, नाही आलात तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू. रात्रीची बस भरलेली, रेल्वेचं वेटिंग शेपटासारखं लांब. नवरा सिदू मेंढरं घेऊन वेळापूरकडे गेलेला, त्याचा फोन लागेल तर शपथ. सोलापुरातल्या टॅक्सीवाल्याला विचारलं, तर त्यानं भाडं सांगितलं आणि मग शांतपणे पुढचं वाढायला घेतलं. पिवळ्या नंबरपाटीची, म्हणजे भाड्याची गाडी दुसऱ्या राज्यात शिरली की तिथला टॅक्स. हैदराबाद म्हणजे आधी कर्नाटक, मग तेलंगण. दोन राज्यं, दोन टॅक्स, टोल वेगळा, सगळं गिऱ्हाइकाच्या अंगावर. नुसत्या टॅक्सच्या पैशात प्रियंकाचं तिथलं महिन्याचं खोलीभाडं भागलं असतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. अंबुबाई फोन ठेवून चुलीपाशी बसून राहिली.

कुंभारीच्या त्या कामगार वसाहतीत भिंतीला कान असतात आणि ते बहुतेक शेजारच्या सावित्रम्माचे असतात. विड्या वळता वळता तिनं तोडगा काढला. दुधनीचा कल्लप्पा. त्याची गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरच्या माणसांना फिरवायची. घरच्या गाडीला हद्दीवर कोण टॅक्स मागणार? भाड्यानं चालवणं गुन्हा खरा, पण गाडीत बसलेले नातेवाईकच निघाले तर गुन्हा कुणी सिद्ध करायचा? या धंद्यात कल्लप्पा मुरलेला होता. आठवड्यातून तीनदा मामा, एकदा जावई आणि लग्नसराईत कुणाचाही व्याही. अंबुबाईचं माहेर दुधनीचंच निघालं, तेव्हा तर तो खूशच झाला. "मग भाऊच हुतो की. गाव एकच, भाषा एकच. कुनाच्या बाऽचं काय जातंय?"

नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. उन्हं वर आली. प्रियंका फाईल उघडून कागद मोजायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. हद्द ओलांडली तशी अंबुबाई पुढं सरकून बसली. "धरलं तर काय करत्यात रं?" तिनं विचारलं.

"गाडी ठिवून घेत्यात. मानसं उतरवत्यात." कल्लप्पानं हे इतक्या सहज सांगितलं की ती आणखीच घाबरली. मग त्यालाही वाटलं असावं की जरा जास्तच खरं बोललो. "पन धरत न्हाईत, अक्का. तुमी फकस्त भिऊ नगा."

भिऊ नको म्हटल्यानं भीती गेली असती तर जगात डॉक्टर कमी लागले असते.

आणि धरलंच. पुढच्या वळणावर एक जीप उभी होती, रस्त्यावर दोन लोखंडी अडथळे. शेजारी लिंबाच्या झाडाखाली एक अख्खं कुटुंब पिशव्यांवर बसलं होतं, एक म्हातारा आणि दोन बाया, आणि त्यांची पांढऱ्या पाटीची गाडी बाजूला लावलेली. त्या बायकांपैकी एकीनं अंबुबाईकडे पाहिलं. आपलीही जागा तिथंच आहे असं अंबुबाईला वाटलं. आठ वाजून गेले होते. इथं उतरवलं तर बाराला हैदराबाद कसलं, संध्याकाळीही दिसलं नसतं. पोरीची चार वर्षं या लिंबाखाली बसून राहिली असती, आणि तीही कशापायी, तर आईनं टॅक्स वाचवला म्हणून.

जीपमधला आरटीओचा साहेब पन्नाशीचा होता, कपाळावर विभूती, हातात कल्लप्पाचं लायसन्स. कल्लप्पाशी तो दोन शब्द बोलला आणि त्यानं अंबुबाईला बोटानं खूण केली. "अम्मा, इकडं या." कल्लप्पाला गाडीपाशीच थांबवलं. एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"इवरु निमगे एनागबेकू?" हा तुमचा कोण लागतो, त्यानं कानडीत विचारलं.

"तम्मा," ती म्हणाली. धाकटा भाऊ. माहेरच्या भाषेतला शब्द, लहानपणापासूनच्या सवयीनं आपोआप बाहेर आला.

"हेसरू?"

नाव. नाव तर पाठ होतं. पण तम्मा म्हटल्यावर पुढं येणारं नाव तिच्या तोंडात गेली चाळीस वर्षं एकच होतं. ती म्हणाली, "बिरुदेव."

साहेबानं लायसन्सकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. आपण काय बोलून बसलो ते अंबुबाईला कळलं. गाडीच्या काचेतून प्रियंकाचा चेहरा दिसत होता, फाईल छातीशी धरलेली.

"यावर कल्लप्पा लिहिलंय," साहेब आता मराठीत म्हणाला, तेही सावकाश, जसं मास्तर छडी उचलायच्या आधी बोलतात.

"घरात बिरुदेव म्हनतो," ती कशीबशी म्हणाली. "कागदावर दुसरं हाय." अशी दोन-दोन नावं तिच्या माहेरी दर घरात होती, त्यामुळं हे खोटंसुद्धा खऱ्यासारखं ऐकू आलं.

मग साहेबानं असा प्रश्न विचारला जो कल्लप्पाच्या पाठांतरात नव्हता. "सख्खा भाऊ ना? मग गेल्या पंचमीला न्यायला आला होता का?"

नागपंचमीला भावानं बहिणीला माहेरी न्यायला यायचं, हे त्या मुलखात कायद्याच्या आधीचं आहे. "व्हय" एवढंच म्हणायचं होतं. प्रियंकाची नोकरी त्या एका शब्दावर टांगलेली होती. अंबुबाईनं तोंड उघडलं आणि तिला बिरुदेव दिसला, खांद्यावर घोंगडं, फडक्यात पंचमीचे तंबिटाचे लाडू, दारात उभा राहून "अक्का, चल की" म्हणणारा. सहा वर्षं झाली. सहा पंचम्या ती दाराकडे न बघता काढत होती. "व्हय" काही निघेना. निघालं ते रडू, आणि एकदा निघाल्यावर ते थांबेना. ती तिथंच, हमरस्त्यावर, पदर तोंडात कोंबून रडली.

आता संपलं, असं तिला रडतानाही वाटत होतं.

साहेबानं लायसन्स मुठीत धरलं आणि तो तरातरा गाडीकडे गेला. कल्लप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब त्याच्यावर कानडीत असा बरसला की लिंबाखालची माणसं उठून उभी राहिली. गाड्या घ्यायला पैसे आहेत, बहिणीला पंचमीला न्यायला वेळ नाही? तुझं नाव काढलं तर बाई रडते आहे, लाज वाटते का? "हे चाक तुझं पोट भरतं ना? ठेव त्यावर हात. यंदा अक्काला न्यायला जाईन म्हण."

कल्लप्पानं स्टेअरिंगवर हात ठेवला आणि म्हटलं.

अडथळा बाजूला झाला. दोन मैल मागं पडले. मग कल्लप्पानं आरशात न बघता विचारलं, "अक्का, बिरुदेव कोन?"

"माजा भाऊ. मेंढरं हायवे वलांडत हुती. टरकखाली गेला."

अंबुबाईची पहिली भीती गेली होती, पण दुसरी येऊन बसली होती आणि ती जास्त वाईट होती. दोन राज्यांचा टॅक्स चुकवायला आपण मेलेल्या भावाला साक्षीला उभं केलं. त्याला कळलं असेल तर तो काय म्हणाला असेल?

बाराला दहा मिनिटं कमी असताना त्या दवाखान्याच्या दारात पोचल्या. प्रियंकाला जागा मिळाली. कल्लप्पानं ठरलेलं भाडं घेतलं आणि परतीला थांबू का म्हणून विचारलं, तर अंबुबाईनं हात जोडले. "नगं बाबा. तो सायेब पुना इचारंल. त्याच्याम्होरं बिरुदेवाला पुना उभा करायला मला न्हाय जमायचं." ती दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या जनरल डब्यात दाराशी बसून परत आली.

प्रियंका महिन्याभरात तिकडे राहायला गेली. सिदू मेंढरांमागं. श्रावण लागला तरी अंबुबाईचा धसका गेला नव्हता. गल्लीत मोटारीचा आवाज आला की तिला वाटायचं, साहेबानं शोधून काढलं, दंडाची चिठ्ठी आली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी खरोखरच गाडी दाराशी थांबली. पांढरी पाटी. तिच्या हातातली परात खाली पडली. कल्लप्पा उतरला, पण आत येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून चपलेनं माती उकरत राहिला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

"काय झालं रं? धरलं का तुला?"

"न्हाई. चाकावर हात ठिवून बोललोय, अक्का. मोडायचं म्हनलं तर भ्या वाटतंय. रोज तेच चाक धरायचंय मला." त्यानं फडक्यात बांधलेलं काहीतरी पुढं केलं. तंबिटाच्या लाडवांचा वास आला. "माज्या आईनं दिल्यात. दुधनीला वाट बगतीया ती. चला."

घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच अंबुबाईला सुचलं. तिनं विचारलं, "भाडं किती रं?"

कल्लप्पानं पहिल्यांदाच वर बघितलं.

"भाडं न्हाय," तो म्हणाला. "डिझेलसुद्दा मीच घातलंय."

ती आत गेली, आणि सहा वर्षं खुंटीला टांगलेली माहेरची पिशवी काढून झटकायला लागली.