आवळलेली पट्टी

मारोतरावांनी हिरवं बटण दाबलं. नव्या लेथची हत्यार धरणारी स्लाइड बोटभर सरकली, अडखळली आणि थांबली. लाल दिवा लागला.

"पुन्हा तेच," साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत नग निघाला नाही, तर या मशीनवर डिप्लोमावाली पोरं येतील. तुम्ही स्टोअरमध्ये."

ते केबिनमध्ये गेल्यावर शेजारचा धोंडबा हसला. "नव्या नवरीनं अबोला धरला का गा?"

हिंगण्याच्या या कारखान्यात मारोतरावांचं अर्धं आयुष्य हँडल फिरवण्यात गेलं होतं. ही लेथ मात्र कागदी टेपवरची भोकं वाचून आपली आपण चाले. भोकं पाडायचं काम नीलाकडे होतं. ती धरमपेठेतून लुनावर येई. तिनं टेप उजेडात धरून तपासली. चूक नव्हती.

"मारोतराव, टेप सांगते, इतकं सरक. मोटर स्क्रू फिरवते. स्क्रूला बसवलेला मापक कळवतो, प्रत्यक्षात किती सरकलं ते. मागे पडलं, तर मोटर आणखी जोर लावते. तरी जमलं नाही, की मशीन हात टेकतं."

"म्हंजे कोनी तिले मांगून धरून ठेवलं?"

"तसंच काहीतरी."

मारोतराव हातातल्या पान्याकडे बघत राहिले. जुन्या लेथवर दिवस पान्यानंच सुरू होई. आधी स्लाइडच्या बाजूची पट्टी आवळायची. सैल राहिली तर स्लाइड थरथरते, नगावर लाटा उठतात. हँडल हाताला जरा जड लागलं पाहिजे, असं उस्ताद म्हणत. आज सकाळी नव्या लेथवरही हातानं त्यांना न विचारताच ते काम उरकलं होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पट्टी म्या आवळली जी."

नीलानं केबिनच्या दाराकडे पाहिलं. "सोडा मग. लवकर."

पट्टी सैल करून बटण दाबताच स्लाइड पाण्यावरून जावी तशी गेली. लोखंडाचा कीस वेटोळे घेत निघाला. मारोतरावांचा उजवा हात हवेतच हँडल फिरवत होता. ध्यानात येताच त्यांनी तो पाठीशी नेला.

साहेबांनी नग मापला, पुन्हा मापला. "मशीन तुमचं, मारोतराव. जुनी लेथ उद्या भंगारात देऊ, जागा मोकळी होईल."

सुटीचा भोंगा झाला. उमरेडच्या बससाठी निघालेला धोंडबा दारातून मागे वळला. मारोतराव जुन्या लेथपाशी उभे होते. तेलाची कुपी वाकवून एकेका छिद्रात थेंब सोडत होते.

"काहून गा? उद्या तर ट्रक येऊन राहिला."

मारोतरावांनी हँडलची मूठ चिंधीनं पुसली.

"आजची रात हाय ना थे इथं."