शांतीनं पालथा घातलेला ग्लास

मित्रांनो, मी पाण्याचा ग्लास नाही, सरबताचाही नाही. पोटाशी गोल, गळ्याशी निमुळता, कळीसारखा दिसणारा मी व्हिस्की पारखायचा ग्लास आहे. आता जुना झालो. कडेला बारीकसा टवका उडाला आहे, आणि वाढवणच्या एका घरात पत्र्याच्या ट्रंकेत माझा मुक्काम असतो.

भट्टीत मी काचेचा लालभडक गोळा होतो. फुंकर बसली आणि मला पोट आलं. माझ्या जातीला एकच शिकवण असते: काही धरून ठेवायचं नाही. रंग नको, चव नको, वास नको. जे ओतलं जाईल तेवढंच समोरच्याच्या नाकापर्यंत पोचवायचं.

मला भाविकनं विकत घेतलं. वाढवणच्या नारू आणि शांतीचा हा एकुलता मुलगा. बाप होडीवर जायचा, आई अंगणातल्या बांबूच्या मांडवावर बोंबील सुकवायची. भाविक मात्र हॉटेलात काम करता करता स्कॉच व्हिस्की पारखायला शिकला. त्यातही कास्क स्ट्रेंथ सिंगल माल्ट, म्हणजे लाकडी पिंपातून काढून, पाणी न मिसळता तशीच बाटलीत भरलेली. भारी जहाल.

हे पिणं नव्हे, बरं का. आधी तो मला रिकामाच हुंगायचा. मग तळाला जराशी ओतून उजेडात रंग बघायचा. नाक एकदम आत घातलं तर झोंबतं, म्हणून तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घ्यायचा. मग जिभेवर इवलासा घोट. मग पाण्याचा एक थेंब, थोडं थांबून आणखी एक. रुसलेली पोर हळूहळू बोलायला लागावी तशी ती व्हिस्की उघडायची.

"मध," भाविक पुटपुटायचा. "मनुका. ओलं लाकूड. आणि ही बघ, चिकूची साल."

मुंबईतल्या एका कंपनीला पारखी नेमायचा होता. त्या एका जागेसाठी भाविकनं कित्येक महिने कांदा-लसूण तोंडात घातला नव्हता. परीक्षेला स्वतःचा ग्लास न्यायची मुभा होती. आदल्या दिवशी तो मला घेऊन आईबापाच्या पाया पडायला घरी आला, आणि ओटीवर बसून शेवटचा सराव करू लागला.

नारूनं माझ्यात बोट बुडवलं, पहिला थेंब दर्याकडे उडवला, मग बोट चाखलं आणि ठसकला. "ही दारू हाय का रॉकेल?"

शांती खळखळून हसली. "आन तू नुसता हुंगतोस? मांजरावानी?"

"आये, हुंगायचाच पगार देतात."

"मंग मांजरालाच देऊ दे ना नोकरी!"

सराव झाल्यावर तिनं मला धुतलं. किती हळुवार हात होता तो! धुताना गुणगुणत होती:

*वारा वाजे खारा, बोंबील डोले दोरी*
*लेक माझा शहरा गेला, ओसरी झाली कोरी*

दर्याकाठच्या त्या घरात धुतलेलं भांडं पालथंच घालतात. उताणं ठेवलं तर वाऱ्यानं रेती भरते. पारखी लोक मात्र ग्लास नेहमी उभा ठेवतात, मोकळ्या हवेत. पालथा घातला की खाली जे असेल त्याचा वास पोटात कोंडतो. शांतीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लुगड्याचं मऊ फडकं घडी करून पसरलं आणि त्यावर मला पालथं घातलं. सकाळी त्याच फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं, फुटू नये म्हणून. एरवी त्या फडक्यात ती सुके बोंबील बांधायची.

परीक्षेत भाविकनं मला रिकामा हुंगलं आणि समाधानानं मान हलवली. मग व्हिस्की ओतली. मध सांगितला, मनुका सांगितल्या, लाकूड सांगितलं. सगळं बरोबर आलं. शेवटी मुख्य परीक्षक सुषमा मॅडम आल्या. त्यांनी मला उचललं आणि नाकाशी नेताच थबकल्या.

"भाविक, ग्लास आधी हुंगला होतास?"

"हो, मॅडम."

"कसला वास होता?"

"कसलाच नाही."

"सुक्या मासळीचा आहे रे. परत बघ."

भाविकनं परत हुंगलं. आणखी एकदा हुंगलं. त्याचा चेहरा उतरत गेला, कारण त्याला खरंच काही येत नव्हतं. जन्मापासून श्वासात असलेला वास तो, त्याला हवेसारखाच होता. ती जागा दुसऱ्याला गेली.

घरी येऊन त्यानं फडकं आईपुढे टाकलं. "तुझ्या बोंबलानं माझी नोकरी खाल्ली!"

"मी काय केला रं? फुटंल म्हणून बांधला..."

त्यानं पुढचं ऐकलंच नाही. मला तिथंच ओटीवर टाकून निघून गेला. टवका तेव्हाचाच. पुढे तलासरीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं आणि तो तिकडेच राहिला.

शांतीनं मला साबणानं धुतलं, राखेनं घासलं, लिंबू चोळलं आणि फळीवर ठेवलं, तोंड वर करून. अंगणातला मांडव मोडला. बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन ती रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला, नणंदेकडे, हिरीकडे जाऊ लागली. घरात रोज फिनाईल. फोनवर म्हणायची, "आता घर साफ हाय, पोरा. ये ना."

"बघू, आये."

त्या थंडीत तिला ताप भरला. डहाणूच्या दवाखान्यात नेलं, तिथून ती परतली नाही.

भाविक आला तेव्हा घराला फक्त फिनाईलचा वास होता. दिवसकार्य झाल्यावर हिरी एक गाठोडं घेऊन आली.

"तुझ्या आयेचा लुगडा. मासली सुकवून झाली का आमच्याकडं न्हायची, लुगडा बदलायची, मंगच घरी जायची. म्हनायची, घरात वास नको गो हिरी, लेकाचा नाक बिघडतो."

भाविकनं गाठ सोडली आणि लुगडं नाकाशी नेलं. इतके दिवस लांब राहिलेल्या त्याच्या नाकाला तो वास आयुष्यात पहिल्यांदाच आला.

"आते," तो म्हणाला, "येतो गं. वास येतो."

त्यानं लुगडं ट्रंकेत ठेवलं, फळीवरून मला उचललं आणि त्यावर पालथं घातलं. सुट्टीला आला की ट्रंक उघडतो, मला उचलतो, डोळे मिटून हुंगतो. पण लुगड्याचा वास दर खेपेला थोडा थोडा विरत गेला.

परवा त्यानं मला हुंगलं, लुगडंही हुंगलं, पण वास उरला नव्हता. मग सरावातली उरलेली व्हिस्की माझ्यात ओतली, पाण्याचा एक थेंब टाकला, थांबला, आणखी एक टाकला. "मध," म्हणाला. "मनुका. लाकूड. चिकूची साल." नारू दारात उभा राहून ऐकत होता. भाविक पुन्हा पुन्हा हुंगत राहिला. मग मला खाली ठेवून म्हणाला, "बाबा, आये नाय यात."

मित्रांनो, काही धरून न ठेवणं हाच माझा गुण, त्याच गुणाचं कौतुक झालं, आणि त्याच गुणानं मी हरलो. एक वास, एवढाच धरायचा होता. मला नाही जमलं. तुम्हाला जमेल. तुमच्या घराचा वास आज तुम्हाला येत नसेल, पण तो आहे. ज्या हातांना तो लागलाय ते हात जवळ असताना त्यांच्यावर रागावून जाऊ नका.

आणि कधी मला धुवायची वेळ आली, तर पारख्यांचं ऐकू नका. मला पालथाच घाला, तिनं घातला होता तसा.