गवंड्याच्या लेकीचा किल्ला

त्या वर्षीच्या पानगळीत प्रज्ञाच्या हातांना जंतुनाशकाचा वास चिकटलेला असे. साबणाने तो जात नसे, फोडणीच्या धुरातही लपत नसे. सिडनीतल्या पेंडल हिलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आधी तो वास शिरे आणि मागून ती. मास्कच्या दोऱ्यांनी कानांमागे उठलेले लाल वळ, उतरलेले खांदे, आणि दार उघडल्यावरही क्षणभर उंबऱ्याशी थबकण्याची ती श्रांत लकब, जणू आत पाऊल टाकायचं की नाही हे शरीराने अजून ठरवलेलंच नाही.

ती मूळची आर्किटेक्ट. नागपूरच्या एका गवंड्याची लेक. जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेली, तेव्हा तिथल्या एका उद्ध्वस्त किल्ल्याचा दगड न् दगड तिने दोन वर्षं कागदावर उतरवला होता. मग सिडनीत नोकरी लागली. पहिल्या लॉकडाऊनमध्ये ते ऑफिस बंद पडलं आणि ती वेस्टमीडच्या एका रुग्णालयात सफाईला लागली. "नो वरीज, काही दिवसांचं तर आहे," असं मला म्हणाली होती. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मी तिची घरातली सोबतीण, जवळच्याच प्रयोगशाळेत कामाला. एकाच ट्रेनने जायचो, पण बोलायचं त्राण दोघींनाही नसे.

एप्रिल सरता सरता तिकडे नागपूरला तिच्या बाबांना ताप भरला. भारतातून येणारी विमानं बंद झाली होती. तिने ऑस्ट्रेलियाबाहेर जाण्याची सरकारी परवानगी मागितली. ती मिळाली तेव्हा जायला विमानच उरलं नव्हतं. उरला फक्त फोन. दुपारी चार वाजता ऊन पिवळं होऊन बाल्कनीच्या कठड्यावर टेके, तेव्हा नागपुरात सकाळचे साडेअकरा झालेले असत. तिची आई मास्क बांधून खोलीच्या दारातून फोन पुढे धरी. "जय भीम, बाबा. आज ऑक्सिजन किती आहे?" प्रज्ञा विचारी.

"तब्येतीचं पुरे झालं वं," बाबा म्हणत. "तुया त्या किल्ल्याचं सांग."

आणि ती सांगू लागे. आधी मातीच्या टेकाडावर नुसतं लाकडी कुंपण होतं, मग कुणा सरदाराने दगडी बुरूज चढवला. आता त्याला छप्पर नाही, दिवाणखान्यात गवत वाढलंय. एक जिना वर चढत जातो आणि मध्येच आभाळात संपतो. आरेखनं ती कॅमेऱ्यापुढे धरी. राजा कोण, राणी कोण, हे बाबांनी एकदाही विचारलं नाही. चुना कसा मळला, एवढा दगड वर कसा नेला, पाणी कुठून आणलं, एवढंच. आयुष्यभर लोकांच्या भिंती ओळंब्यात धरलेला तो माणूस धापा टाकत आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची विचारपूस करत होता. आणि दिवसभर लाद्या पुसून आलेली त्याची लेक त्या घटकाभरापुरती पुन्हा आर्किटेक्ट होत होती. तिचा आवाज तेव्हा निराळाच येई, उन्हासारखा, तिरपा आणि ऊबदार. फोन ठेवला की पुन्हा विझे.

बाबा शेवटचं बोलले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मंग तोडला कोनं?"

"पार्लमेंटच्या सैन्याने. यादवीत किल्ला राजाच्या बाजूने लढला, म्हणून बुरुजाच्या पायात सुरुंग लावले."

"अन् गोटे?"

"गावकऱ्यांनी नेले, बाबा. घरांना लावले, गोठ्यांना, शेताच्या बांधांना."

बाबा हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "बरं झालं. राजाच्या कामी आले, मंग लोकायच्या. वाया नाई गेले."

संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. अंत्यसंस्कार तिने फोनवरच्या हलत्या, अडखळत्या चित्रात पाहिला. मी घरी थांब म्हणाले, तर म्हणाली, "घरी राहून काय करू, सांग ना?" आणि कामाला गेली. परतली तेव्हा खांदे तसेच उतरलेले, डोळे कोरडे. आरेखनांची गुंडाळी तिने पलंगाखाली सरकवली. चार वाजता फोन वाजला. पडद्यावर आई होती, रिकाम्या खाटेशेजारी बसलेली. इतक्या दिवसांत जिने किल्ल्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता ती आई.

"पुढचं सांग वं," आई म्हणाली. "मी बी आयकतच होती."

प्रज्ञाने वाकून पलंगाखालची गुंडाळी ओढली, आणि उत्तरेकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. मी चहा ठेवायला उठले. माणूस जातो, पण त्याची वेळ लगेच जात नाही. रोज ती वेळ दाराशी येऊन उभी राहते, आणि तिच्याशी बोलायला कुणीतरी घरात असावं लागतं.