शेणकाल्याचे विरजण

मित्रांनो, गोठ्यामागच्या गोल विहिरीत उपडी तरंगणारी मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. देवाने कुणाला रूप दिले, कुणाला गळा दिला, मला नुसते पोट दिले. विहिरीतला शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, आंबला की त्याचा गॅस माझ्या पोटात साठतो आणि मी वर उचलली जाते. घरात शेगडी पेटली की हळूहळू खाली बसते.

वेल्डरने मला जोडले आणि या घरच्या थोरल्या मुलाने इथे उतरवले. शेण वाहायला नको म्हणून त्याने गोठ्याचे गटारच माझ्या विहिरीत सोडले. निळी ज्योत पहिल्यांदा पेटली तेव्हा त्याच्या आईने हात जोडले. लाकडे फुंकून फुंकून त्या माउलीला दमा जडला होता. धूर गेला, खोकला उतरला. विहिरीतून निघणारी मळी खत म्हणून शेतात पडू लागली, माती भुसभुशीत झाली. मी फुगले, आणि नुसत्या गॅसने नव्हे.

पुढे गावाबाहेर गॅसचा मोठा कारखाना आला. पोरांना कामे मिळाली, हे चांगलेच झाले. पण गावातले शेण आणि पालापाचोळा टेम्पोत भरून जाऊ लागला, शेते खताला मुकली. एकेका घरची विहीर बंद पडली. आणि एके दिवशी मीही खाली बसले ती उठेचना.

थोरला म्हणाला, म्हातारी झाली ही. भंगारवाल्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितले आणि शेण कारखान्याला द्यायचे ठरवले. आई पुन्हा चुलीपुढे बसली. तिची ढास ऐकून सुनेच्या, थोरल्याच्या बायकोच्या, हातातला घास हातातच राही.

कारखान्याचा टेम्पोवाला आला. त्याने शेणाच्या पाटीला नाक लावले आणि मागे सरकला.

"वहिनी, हे नाही चालायचं. फिनाईल आहे यात. आमच्याकडचे जंतू मरतील."

सुनेला आता उमगले. वासराला जुलाब झाले तेव्हापासून ती दोन्ही वेळा गोठा फिनाईलने धूत होती. वासरू बरे झाले, तिचा हात थांबला नव्हता. ते सगळे पाणी गटारातून माझ्याच विहिरीत येत होते. काला आंबवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव बिचारीने स्वच्छतेपायी मारले होते.

टेम्पोवाल्याने उपाय सांगितला. निम्मी विहीर उपसा, ताजे शेण घाला आणि दुधाला विरजण लावतात तसा चालू विहिरीतला काला मिसळा. गावात चालू विहीर उरली होती एकच, धाकट्या जावेची. घरे वेगळी झाल्यापासून दोघींत बोलणे नव्हते.

सून बादली घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"जाऊबाई, वाट चुकलात वाटतं?"

"वाट नाही गं, अक्कल चुकली. माझ्या हातानं शेगडी विझवली. आता सासूबाईंची धाप बघवत नाही."

धाकटीने तिच्या हातातली बादली पाहिली.

"एका बादलीनं काय होतंय? त्या माझ्याही सासूबाईच आहेत. थांबा, हातगाडी काढते."

दोघींनी दिवसभर काला वाहिला. थोरल्याने गटाराचे तोंड बुजवले. मग रोज सकाळी कुणी ना कुणी येऊन मला वाकून बघे. भंगारवाला आला त्या दिवशी मी चार बोटे वर होते. थोरल्याने त्याला पाणी दिले आणि रिकाम्या हाती परत पाठवले.

मित्रांनो, ज्योत दिसते, ती पोसणारे जीव दिसत नाहीत. त्यांना जपा. आणि हातून चूक झालीच, तर बादली घेऊन शेजारी जायला लाजू नका.