विजयमालानं नापास केलेले पट्टे

पार्सल आलं तेव्हा विजयमाला नुकतीच कारखान्यातून आली होती, पायसुद्धा धुतले नव्हते. दानेश्वरीनं खोकं फोडलं, सहाच्या सहा क्विकड्रॉ आईपुढं चटईवर मांडले आणि म्हणाली, "अव्वा, तू पास कर. मग मी ठेवते."

क्विकड्रॉ म्हणजे काय हे विजयमालाला महिनाभरात तोंडपाठ झालं होतं. हाताच्या पंजाएवढा पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या. खडकात ठोकलेल्या बोल्टला एक कडी अडकवायची, दुसरीतून आपल्या कमरेला बांधलेला दोर घालायचा आणि वर चढत राहायचं. हात सुटला तर जीव त्या पट्ट्यावर. लेकीनं रोज जेवताना हाच विषय लावून धरला होता. पट्टा बारीक घ्यावा की जाड, कडीचं तोंड तारेचं असावं की भरीव, लांबी किती. शेवटी जाड नायलॉनचा ठरला, कारण घाबरल्यावर तो मुठीत नीट धरता येतो म्हणे. घाबरल्यावर! हे ती भाकरी मोडता मोडता बोलून गेली आणि इकडं आईनं उचललेला घास ताटात परत ठेवला.

लेकीनं आईलाच माल दाखवावा, यात नवल नव्हतं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकात विजयमाला वीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर होती. तिच्या नजरेतून उसवलेला खिसा सुटत नसे. जावेनं शिवलेला गठ्ठासुद्धा तिनं एकदा भर कारखान्यात परत पाठवला होता, आणि ती जाऊ वर्षभर तिच्याशी बोलली नव्हती. पॅकिंगच्या बायका म्हणायच्या, "विजयाक्कानं पास केलं की पुन्हा उघडून बघायचं न्हाय."

तिनं पहिला पट्टा उजेडात धरला. दोन्ही टोकांना ओळखीचाच टाका होता, खिशाच्या तोंडाशी मारतात तो आडवा बारटॅक, फक्त दोरा जाड. तिनं नख फिरवून पाहिलं, ताणून पाहिलं, उलटा करून पाहिलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सहाही पट्ट्यांत एक टाका चुकलेला नव्हता. इतकं सुबक काम तिच्या टेबलावर कधी आलं नव्हतं, आणि तिला चक्क वाईट वाटलं.

कारण येत्या रविवारी दानेश्वरी बदामीला जाणार होती. आजवर ती लाकडी भिंतीवर चढायची, खाली गाद्या असायच्या, तेवढं विजयमालानं पोटात घातलं होतं. बदामीचा खडक खरा होता. तिथला एक व्हिडिओ लेकीनं हौसेनं दाखवला होता. त्यात एक मुलगी हात सुटून पुरुषभर खाली आली आणि लोंबकळत खदाखदा हसली. विजयमालानं मोबाइल उलटा करून ठेवला होता. पण नको म्हणायची सोय कुठं होती? पोरगी बावीस वर्षांची, क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारी, स्वतःच्या पगारातून घेणारी. एवढं एकच तिनं आईवर सोपवलं होतं.

"हे न्हाय चालायचे," विजयमालाच्या तोंडून निघून गेलं. "टाका कच्चा हाय."

कुठं कच्चा आहे, हेसुद्धा दानेश्वरीनं विचारलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं खरं, पण तिनं तिथंच मोबाइलवरून माल परत न्यायला कळवलं. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन खोकं घेऊन गेला. विजयमालाला सुटल्यासारखं वाटलं. लाजही वाटली, पण तिनं ती पोळपाटाखाली दाबली आणि पोळ्या लाटल्या.

गुरुवारी दानेश्वरी कापडी पिशवी घेऊन आली. त्यांच्या चढाईच्या गटाचा म्होरक्या गुरु, त्याचं सात रस्ता चौकाजवळ सायकलींचं दुकान, तिथंच माळ्यावर त्याचे जुने क्विकड्रॉ पडून होते.

"गुरुदादा म्हणाला, चालतील बहुतेक," ती म्हणाली. "मी म्हटलं, अव्वाला दाखवल्याशिवाय नाही."

विजयमालानं एक पट्टा हातात घेतला आणि तिचा हात थबकला. पट्टा वाळक्या चामड्यासारखा ताठ झाला होता. मूळचा लाल रंग उडून पार फिका पडला होता, कडेनं लव सुटली होती. हे नापास करायला वीस वर्षांचा अनुभव कशाला हवा होता?

"दानू, याला हात पण लावू नगंस. टाका गेलाय."

दानेश्वरी हळूच म्हणाली, "परवाचेपण कच्चे, हेपण गेलेले. तुला मला पाठवायचंच नाही की. सरळ सांग ना तसं." आणि तिनं पट्टे भराभर पिशवीत भरायला सुरुवात केली. "गुरुदादा चालतील म्हणतोय, तर चालतील."

आयुष्यात पहिल्यांदा विजयमालाचा खरा शब्द कुणी मानत नव्हतं, आणि नेमकी लेक मानत नव्हती. गप्प राहिलं, तर पोरगी हे पट्टे घेऊन खडकावर जाणार. आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"परवाचे चांगले होते," ती म्हणाली. "एकदम चांगले. मी खोटं बोलले."

पिशवी भरणारे हात थांबले.

"तू पडशील म्हणून मला लई भ्या वाटलं गं. म्हणून बोलले. पर हे खरंच गेलेत."

"मग आत्ता खरं बोलतेस कशावरून?"

विजयमालानं पिशवीतला एक पट्टा ओढून घेतला आणि टाक्यावरून नख जोरानं ओढलं. दोऱ्याचा भुगा चटईवर पडला. दुसऱ्यावरून ओढलं, तसाच भुगा. दानेश्वरीनं बोटावर तो भुगा घेतला, चोळून पाहिला, आणि पिशवी बाजूला सारली. तिनं त्याच दिवशी परवाचेच सहा पुन्हा मागवले. आईशी ती कामापुरतं बोलली, जेवायला वाढ, किल्ली कुठंय, एवढंच.

शनिवारी दुपारी पार्सल आलं. चार तासांनी बदामीची गाडी होती. विजयमाला मुद्दाम सुट्टी घेऊन घरी थांबली होती, हात पुसून चटईपाशी येऊन बसली. दानेश्वरीनं खोकं खिडकीशी नेलं आणि एकेक पट्टा स्वतः उजेडात धरून पाहू लागली. घाई नाही, चुळबुळ नाही. पोरीची नजर चांगली होती, हे आईला नाइलाजानं मान्य करावं लागलं.

सहाव्या पट्ट्याशी ती अडखळली. टाक्याच्या टोकाला बोटभर दोरा लोंबत होता.

"तो नुसता उरलेला दोरा हाय," विजयमाला म्हणाली. असे दोरे तिनं लाखांनी कापले होते. "टाका पक्का हाय. आण, कापून देते."

"नको," दानेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "हात लावू नकोस, अव्वा."

तिनं पाच क्विकड्रॉ बॅगेत भरले, सहावा खोक्यात परत ठेवला आणि आईच्या पाया पडून गाडीला निघून गेली.